काळ्या टाकीत ऊन शिरत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मजकूर तुमच्याकडेही आला असेलच. पेंटच्या दुकानातून टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड आणा, चमचाभर छतावरच्या टाकीत टाका, नागपूरच्या उन्हात दोन तासांत कीटकनाशकं, फ्लोराइड, जंतू सगळं साफ. आरओ विकून टाका. म्हणे १९७२ मध्ये जपान्यांनी हे सिद्ध केलं आणि नागपूरच्या शास्त्रज्ञांनी मान्यताही दिली. आमच्या काटोलच्या मामींनी फोन करून "पाव किलो पुरेल का रे?" असं विचारलं, म्हणून हे लिहितोय. नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर द्यायला वेळ कोणाला आहे?

आधी टाकी. ही पूड काम करते ती प्रकाशानं, उष्णतेनं नाही. छतावरची टाकी काळी असते तीच मुळी आत उजेड जाऊन शेवाळ धरू नये म्हणून. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी आत अंधारच. पाणी तापेल, बाकी काही होणार नाही.

बरं, टाकी सोडा, काचेची बरणी घेतली. तरी पूड चुकीचीच. या पदार्थाच्या ॲनाटेज नावाच्या स्फटिकरूपाला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश लागतो आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के असतो. त्यात पेंटवाल्याकडची पूड बहुधा रुटाइल या दुसऱ्या स्फटिकरूपाची. तिच्या कणांवर ॲल्युमिना आणि सिलिकाचा थर मुद्दाम चढवलेला असतो. कशासाठी? तर उन्हात तिनं रंगातलाच चिकट भाग खाऊ नये, भिंतीवरून हाताला पांढरी भुकटी लागू नये म्हणून. प्रकाशात होणारी जी क्रिया तुम्हाला हवी आहे, तीच कारखान्यानं पैसे खर्चून दाबलेली आहे! आणि एवढे बारीक कण फडक्यातून गाळून निघत नाहीत. पाणी दुधाळ राहतं, ते तुम्ही प्यायचं.

१९७२ चा शोध खरा आहे. फुजिशिमा आणि होंडा यांचा तो 'नेचर'मधला लेख. पण त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड, समोर प्लॅटिनम आणि प्रकाशाच्या जोरावर पाण्याचं हायड्रोजन-ऑक्सिजनमध्ये विघटन, एवढंच आहे. विहीर नाही, कीटकनाशक नाही. पाण्यातलं प्रदूषण तोडण्याचं काम नंतर सुरू झालं.

हो, ते काम होतं, हे मान्य करावंच लागेल. प्रकाश पडला की कणाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्याच्याशी झटकन क्रिया करणारे कण, तयार होतात आणि ते रंगद्रव्यं, फिनॉल, कीटकनाशकं यांचे रेणू तोडतात. स्पेनमध्ये अल्मेरियाला उन्हावर चालणाऱ्या अशा संयंत्रांवर बरीच वर्षं काम चाललंय. पण तिथे पूड योग्य, मात्रा मोजलेली आणि शेवटी पाण्यात काय उरलं याची तपासणी होते. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक अर्धवट तुटलं तर मध्ये क्लोरपायरीफॉस-ऑक्सॉन तयार होतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. संत्र्याच्या बागेतली विहीर आणि चमचाभर पूड, यात "अर्धवट" नक्की कुठे थांबलं हे कोण मोजणार? शिवाय आपल्याकडच्या जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यातलं बायकार्बोनेट ते रॅडिकल आधीच गिळतं.

फ्लोराइडवर फार लिहायची गरज नाही. ते फ्लोरिन या मूलद्रव्याचं आयन, म्हणजे विद्युतभार असलेला एकच अणू आहे, त्याचे आणखी तुकडे काय करणार? भारतीय मानक आयएस १०५०० नुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांना हे समजावून सांगायला नको. त्यांना आरओ विकायला सांगणं हा निव्वळ गुन्हा आहे.

नागपूरच्या शास्त्रज्ञांची मान्यता? नाव नाही, संस्था नाही, तारीख नाही. शहरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, म्हणून "नागपूरचे शास्त्रज्ञ" म्हटलं की लोक मान डोलावतात, एवढंच.

उन्हाचा उपयोग करायचाच असेल तर जंतूंपुरता करा. गढूळ नसलेलं पाणी पारदर्शक पेट प्लास्टिकच्या (पीईटी) बाटलीत भरून आडवी बाटली सहा तास कडक उन्हात ठेवायची, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. पूड न टाकता. फवारणीचं औषध त्यानं जात नाही, आणि उकळून जाईल असंही धरून चालू नका. त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बघा, आणि त्याच्याही आधी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.