गजकर्ण टेन्शनने होतं म्हणे! जरा थांबा भो

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की अंगावरची सगळी खाज टेन्शनची असते, मन शांत ठेवा आणि मलम बंद करा. अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त घातक आहे.

टेन्शनचा कातडीशी संबंध आहे, नाही कोण म्हणतंय? ताण वाढला की कॉर्टिसोल नावाचं ताणाचं हार्मोन वाढतं, त्याने कातडीच्या वरच्या थरातली चरबी कमी बनते, ओलावा उडतो, जंतू मारणारी प्रथिनं पण घटतात. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायोला स्मृतिभ्रंशाच्या पेशंटची सेवा करणाऱ्या नातेवाइकांच्या हातावर मुद्दाम एक बारीकशी जखम करून बघितलं, तर ती भरायला बाकीच्यांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. सोरायसिस, एक्झिमा, पित्त उठणं हे पण ताणाने भडकतं.

पण गजकर्ण ही बुरशी आहे आणि खरूज म्हणजे किडा, ते घरात एकाचं दुसऱ्याला लागतं. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात घामाने भिजलेली पँट दिवसभर अंगावर, जांघेत गोल चट्टा, कडा लाल नि मधे साफ, याला ध्यान लावून काय होणार? आणि मेडिकलवरून स्वतःच आणलेली स्टिरॉइडवाली ट्यूब तर अजिबात नको, चार दिवस खाज थांबते, मग बुरशी दुप्पट पसरते आणि चट्टा ओळखू पण येत नाही.

डॉक्टरने लिहून दिलेलं मलम चालू असेल तर मेसेज वाचून बंद करू नका, स्टिरॉइडचं असलं तरी त्यांना विचारूनच कमी करा.