विश्रांती दहा तास, झोप साडेपाच

केबिन क्रूची नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली तरी कुणी भेटलं की वाक्य ठरलेलं, "मज्जा होती बाई तुझी, फुकट जग फिरायचं आणि मस्त हॉटेलात झोपायचं." तर त्या झोपण्याबद्दलच जरा लिहायचंय.

समजा फ्लाइट रात्री ११ ला उतरली. पॅसेंजर उतरले, व्हीलचेअरची वाट बघितली, केबिन चेक झालं, साडेअकराला ड्यूटी संपली. इथून नियमातल्या दहा तासांच्या विश्रांतीचं घड्याळ सुरू. पण आपण अजून विमानतळावरच! क्रू बस, चेक-इन, रूमवर पोचेपर्यंत साडेबारा, अंघोळ करून डोळा लागेपर्यंत दीड. सकाळी साडेनऊला रिपोर्टिंग म्हणजे साडेआठला पिकअप, म्हणजे सातला उठून केस, मेकअप, युनिफॉर्म. किती झाले? साडेपाच तास. आणि कागदावर मात्र पूर्ण दहा तास विश्रांती, कुणाचीही सही अडत नाही.

बरं हे दहा तासही सहज मिळालेले नाहीत. अमेरिकेत क्रूला आधी ९ तास होते आणि काही अटींवर ते ८ वरही आणता यायचे. दहा तासांचा कायदा २०१८ ला झाला, नियम आला २०२२ च्या ऑक्टोबरात. पायलटना मात्र दहा तास २०१४ पासूनच, कारण २००९ मध्ये अमेरिकेतल्याच बफेलोजवळ विमान पडून ५० माणसं गेली तेव्हा पायलटच्या थकव्याचा विषय ऐरणीवर आला. युरोपात निदान दोघं एकाच नियमात आहेत, होम बेसला, म्हणजे आपल्या ठरलेल्या शहरात, किमान १२ तास आणि बाहेर १०, त्या १० मध्येही ८ तास झोपेची 'संधी' मिळाली पाहिजे. संधी हा शब्द मला फार आवडतो. नाइट फ्लाइट करून सकाळी दहाला रूमवर आलात की पडदे ओढून संधीच संधी, फक्त शरीर म्हणतं आत्ता कुठे दिवस सुरू झालाय.

माझ्या मते खरी गोची अशी आहे की लोकांना क्रू म्हणजे ट्रॉली ढकलणारे वाटतात, मग ते दमले तर काय होणारे, फार तर हसणार नाहीत. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, आत ३७९ माणसं, अनाउन्समेंट सिस्टिम बंद पडलेली, ८ पैकी ३ च दरवाजे वापरण्यासारखे, आणि सगळे जिवंत बाहेर आले. कुठला दरवाजा उघडायचा आणि कुठला नाही हे धुरात खिडकीतून बघून ठरवणारे हे ट्रॉलीवालेच होते की.

आणि दरवाजाचं म्हणाल तर माझंच सांगते. दिवसाचं चौथं लँडिंग, मी डोअर डिसआर्म केलं, म्हणजे दाराची इमर्जन्सी स्लाइड बंद केली, तपासल्याचं 'क्रॉसचेक'ही म्हटलं, हात लिव्हरवर गेला आणि डोकं एकदम कोरं. केलं का खरंच? तोंडाने म्हटलेलं आठवतंय, हाताने केलेलं आठवत नाही. आर्म्ड दार उघडलं तर स्लाइड धाडकन बाहेर फुगते, खाली कुणी उभं असेल तर संपलंच. समोरच्या दारावरची मुलगी ओरडली, "थांब, इंडिकेटर बघ." केलेलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

सलग १७ तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो हे संशोधनात दिसलंय. अल्कोहोलसाठी टेस्ट असते, फुंकर मारा आणि कळतं. झोपेचं मशीन नाही, तिथे आमच्या शब्दावरच चालणार, आणि म्हणून 'मी दमलेय, आज उडू शकत नाही' हे न घाबरता म्हणता आलं तरच तासांच्या त्या आकड्यांना काही अर्थ आहे असं मला ठाम वाटतं.

मी एकदाच म्हटलं. पहाटे पावणेपाचला रोस्टरवाल्यांना, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्यांना, फोन केला, सलग तिसरी पहाटेची ड्यूटी होती, म्हटलं झोपच झालेली नाहीये, सेफ वाटत नाहीये. पलीकडे कीबोर्डचा आवाज, मग थंडपणे प्रश्न, "सिक टाकू की अ‍ॅबसेंट?"

मी म्हटलं, "यातलं काहीच नाही." म्हणाला, "सिस्टिममध्ये तिसरं ऑप्शनच नाहीये मॅडम."

साडेपाचला मी बसमध्ये होते.