नाणं पुसू का हो?

प्रूफ नाण्याचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारख्या पाडलेल्या नाण्याचा, पहिला शत्रू गंधक आणि दुसरा शत्रू स्वच्छतेची आवड असलेला माणूस. सांगलीत मला दोन्ही मुबलक मिळतात.

आधी गंधक. द्राक्षबागेत भुरी रोगावर मारतात ते गंधक. बेदाणा सोनेरी दिसावा म्हणून देतात ती धुरी गंधकाची. कारखान्यात उसाचा रस निवळताना जाळतात तेही गंधकच. जळलेल्या गंधकाचा धूर चांदीपेक्षा तांब्याला जास्त छळतो, एवढाच काय तो दिलासा, आणि तोही फसवा. 1969 च्या गांधी शताब्दीच्या दहाच्या नाण्यात 80 टक्के तरी चांदी होती. 1972 पासून पुढे बरीच वर्षं चांदीच्या मोठ्या नाण्यांत ती निम्म्यावर आली: 50 टक्के चांदी, 40 टक्के तांबं, बाकी 5-5 टक्के निकेल आणि जस्त. म्हणजे चांदी काळी पडायची राहिलीच, तर शेजारी तांबं तयार बसलेलं.

एवढ्यावर भागत नाही. पाहुणा येतो, भडंगाची बशी पुढे येते, आणि लसणीच्या तेलाने माखलेली तीच बोटं पुढे करून तो म्हणतो, "बघू की जरा!" लसणीतही गंधक असतंच. पण त्याहून वाईट त्या बोटाचा घाम. ठसा आज दिसत नाही, सहा महिन्यांनी तपकिरी होऊन वर येतो, रेघ न् रेघ मोजून घ्या. एकदा धातूत उतरला की तो नाण्याबरोबरच वारसाहक्काने पुढे जातो. नाणं धरायचं ते कडेने, अंगठा आणि तर्जनीत, खाली घडी घातलेला टॉवेल पसरून. आणि धरलेलं असताना बोलायचं नाही. थुंकीचा सुईच्या टोकाएवढा शिंतोडा पुढे काळा ठिपका होतो. नाणं हातात घेऊन गप्प बसणारा सांगलीकर मला अजून भेटायचाय.

आता प्रूफलाच एवढे लाड का, तर त्याचं अंगच तसं. कोरी चकती घासून चकचकीत केलेली, साचाही तसाच, आणि ठोका एकापेक्षा जास्त वेळा. त्यामुळे सपाट भाग आरशासारखा. आरशावर मऊ मलमल फिरवली तरी रेघा उठतात. तुमच्या नाण्यावर कुणी हात साफ केलाय का हे बघायचं असेल, तर खोलीतले बाकीचे दिवे मालवा, एकच बल्ब ठेवा आणि नाणं हळूहळू तिरकं करत फिरवा. एका विशिष्ट कोनात केसासारख्या रेघांचा अख्खा झुबका एकाच दिशेने चमकून जातो. ते टूथपेस्टचं काम.

पण प्रत्येक रेघ म्हणजे ओरखडा नव्हे. कधी कधी एखादी वळवळती, आत दबलेली, दोन्ही टोकांना गोलसर अशी खूण दिसते. ठोका पडताना साच्यावर किंवा चकतीवर कापडाचा तंतू राहून गेला, त्याचा तो छाप. ओरखड्याच्या कडा उचललेल्या असतात, हिच्या नसतात. ही टांकसाळीतूनच आलेली, तिच्यावर घरात कुणाला ओरडू नये.

काळपटपणाचेही प्रकार आहेत. चांदी आणि गंधकाचा थर आधी फिकट पिवळा, मग विटकरी, जांभळा, निळा आणि शेवटी काळा दिसतो; साबणाच्या फुग्यावर रंग खेळतात तोच हिशोब. निळ्यापर्यंत छान एकसारखा आला असेल तर हौशी माणूस उलट चार पैसे जास्त देतो. हे घरच्यांना पटवणं अवघड. "काळं पडलंय ते चांगलं?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही.

म्हणून उपाय सुचत राहतात. रिठ्याचं पाणी, चिंच, रांगोळी, राख. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचं गरम पाणी चांदीच्या निरांजनाला झकास. गंधक अॅल्युमिनियमकडे जातं, चांदी जागेवर परतते. पण परतते ती खरखरीत होऊन, आणि आरसा गेला तो गेलाच. सराफाचं बुडवायचं द्रावण तर वरचा थरच उचलून नेतं. नाणं पांढरंफटक होतं, उकडलेल्या बटाट्यासारखं.

हात लावायलाच हवा असा एकच डाग: हिरवट आणि चिकट. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं की पाकिटाचं तेलकट द्रव्य पाझरतं, आणि थांबवलं नाही तर धातू खात बसतं. यासाठी शुद्ध अॅसिटोन. नेलपॉलिश काढायची बाटली नव्हे, तिच्यात तेलं आणि वास घातलेले असतात. खिडकी उघडी, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद. दोन काचेच्या वाट्या. प्लॅस्टिकची घेतलीत तर आधी वाटीच विरघळू शकते. पहिलीत पाच-दहा मिनिटं, मधेच एकदा उलटं करायचं, मग दुसरीत स्वच्छ अॅसिटोनमध्ये. चोळायचं नाही, पुसायचं नाही, फुंकायचं तर अजिबात नाही. कडेवर टेकवून ठेवा, मिनिटभरात सुकतं. पूर्ण सुकल्यावरच कडक अॅक्रिलिकच्या पारदर्शक डबीत, म्हणजे कॅप्सूलमध्ये, कारण ओल्या अॅसिटोनचं अॅक्रिलिकशीही जमत नाही. गंधकाच्या काळेपणावर अॅसिटोन काही करत नाही, तेही बरंच आहे.

कपाटात रबरबँड, लोकरीची शाल आणि वर्तमानपत्र शेजारी नको. पहिल्या दोघांत गंधक, तिसऱ्यात आम्ल. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी मात्र हवीच. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. पावसाळ्यात लोक आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारतात, 40 फुटांना इशारा. मी दाण्यांचा रंग बघतो.

राहिलं लक्ष्मीपूजन. तिथे चांदीचं नाणं तबकात हवं, त्यावर सांगलीची हळद, कुंकू, अक्षता आणि कधीकधी पंचामृतही. अक्षरांच्या खाचेत बसलेलं कुंकू कोणत्याही अॅसिटोनला दाद देईल याची हमी मी देत नाही. तोडगा एकच निघालाय: नाणं कॅप्सूलसकट तबकात आणि हळदकुंकू कॅप्सूलला. दुसऱ्या दिवशी ती हवी तेवढी पुसा. रिठ्याने पुसा, चिंचेने पुसा, मी काही बोलणार नाही.