खिडकीशी धरलेलं जीपीएस पायलटला चकवत नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात तीनदा फिरला: 'प्रवाशाने विमानात जीपीएस लावलं की विमानाची दिशा चुकते, दिल्लीला हेच झालं. आणि नेटशिवाय, एवढ्या वेगात ते चालत नाही, उंचीही भलतीच दाखवतं.' चालतच नाही तर दिशा कशी चुकवतं, हे कुणी विचारलं नाही. ट्रेकचं जीपीएस घेऊन मी बऱ्याचदा विमानात बसलोय, म्हणून लिहितो.

आधी दिल्ली. नोव्हेंबर २०२५मध्ये तिथे विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाले, हे खरं. पण ते स्पूफिंग. त्यासाठी बनावट सिग्नल हवेत सोडणारा ट्रान्समीटर लागतो. हातातलं जीपीएस नुसतं ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आलेला क्षीण सिग्नल पकडतं, उलट काही पाठवत नाही. एक मात्र कबूल: कुठल्याही इलेक्ट्रॉनिक वस्तूसारखी त्याच्या सर्किटमधूनही किंचित रेडिओलहर गळते. त्यामुळे कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात आणि क्रूने बंद करा म्हटलं की मी बंद करतो. तिथे हुज्जत नाही.

उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारं उपकरण ही वेगळीच जात. ते आणि सॅटेलाईट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगले तर विमानतळावरच अडकाल. हे उपकरण आणि नुसतं ऐकणारं यंत्र, दोन्हींना लोक सर्रास 'जीपीएस' म्हणतात, घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो.

नेट लागतं ते नकाशा उतरवायला, जागा शोधायला नाही. वेगाचं म्हणाल तर या उपकरणांची जुनी मर्यादा ताशी १,९०० किलोमीटरच्या आसपास, आणि आपलं विमान जातं साधारण ९००ने.

खरी अडचण विमानाच्या धातूच्या अंगाची. मधल्या सीटवर काहीच मिळत नाही, खिडकीला चिकटवून धरावं लागतं, तेही एका बाजूच्या आभाळावर भागवून. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. मध्येच सिग्नल तुटला की पुढच्या फेरीपर्यंत थांबा. म्हणून निघण्याआधी मी ते गच्चीवर एकदा चालू करून घेतो. ती माहिती काही तास पुरते, मग हवेत पटकन जागा सापडते.

राहिली उंची. नागपूरला जाताना माझ्या यंत्राने २,०५० मीटर दाखवली, शेजारचे काका घाबरलेच. त्यात वायुदाबमापक आहे आणि तो केबिनमधली हवा मोजतो. केबिनमधला दाब मुद्दाम तेवढ्याच उंचीवरच्या हवेसारखा ठेवलेला असतो. यंत्राच्या उपग्रहांच्या पानावर, म्हणजे उपग्रहांवरून काढलेली उंची १०,७०० मीटर होती. काकांना दोन्ही आकडे दाखवले आणि म्हटलं, दाबाच्या हिशोबाने आपण कळसूबाईच्या चारशे मीटर वर बसून चहा पितोय.