बाई, दिसत नाहीये!

तास ४० मिनिटांचा. पहिली ५ मिनिटं वर्ग जागेवर बसण्यात जातात, शेवटची ५ दप्तरं भरण्यात. उरली ३०. 'अध्यापनात डिजिटल साधनांचा वापर' हा विषय प्रशिक्षणात कानाला फार गोड लागतो, कारण तिथे प्रोजेक्टर आदल्या दिवशीच कुणीतरी जोडून ठेवलेला असतो. वर्गात तो आपल्याला जोडावा लागतो. समोर ३८ मुलं, आणि सगळी आपण पाठ कधी वळवतो याच्याच प्रतीक्षेत.

वर्गातलं सगळ्यात महत्त्वाचं डिजिटल साधन म्हणजे वायर, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅपबिप नंतर. लॅपटॉपला भोक यूएसबी-सीचं, हाताला लागलेली वायर एचडीएमआयची आणि छताला टांगलेला प्रोजेक्टर व्हीजीएच्या जमान्यातला, अशा तीन पिढ्या एका छपराखाली नांदत असतात. त्यांच्यात दिलजमाई करणारी बोटभर डबी स्टाफरूममधल्या एका ड्रॉवरमध्ये असते आणि ड्रॉवरची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात.

डबी मिळाली तरी व्हीजीएचा निळा प्लग आहेच. त्याला १५ पिना आणि दोन बाजूंना दोन स्क्रू. घाईत एकच स्क्रू पिळला की प्लग तिरका बसतो. मग हिरव्या रंगाची पिन सुटते आणि पांढरा पडदा किरमिजी होतो. धडा प्रकाशसंश्लेषणाचा आणि पडद्यावर पान काळं ठिक्कर! 'हरितद्रव्य' हा शब्द उच्चारायची हिंमत होत नाही. प्लग काढावा, एखादी पिन वाकलीय का बघावं, सरळ बसवून दोन्ही स्क्रू सारखे पिळावेत. लाल गेला तर पडद्यावर हिरवट निळी झाक येते, निळा गेला तर पिवळी. म्हणजे पडद्याला कावीळ झाली की निळ्याची पिन तपासायची.

एचडीएमआयचं दुखणं वेगळं. ती चित्राबरोबर आवाजही पळवून नेते आणि प्रोजेक्टरच्या हवाली करते. प्रोजेक्टरला स्पीकर नसतो, किंवा असला तरी त्याला कंठ फुटलेला नसतो. व्हिडिओतले शास्त्रज्ञ नुसते ओठ हलवतात आणि मागचा बाक त्यांचे संवाद पुरवतो. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाजासाठी पुन्हा लॅपटॉप निवडला की काम होतं. पण तोवर मागच्या बाकाने शास्त्रज्ञाचं लग्न लावून दिलेलं असतं.

नंतर विंडोज आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबायची. 'डुप्लिकेट' निवडलं तर आपल्याला दिसतं तेच वर्गाला दिसतं. 'एक्स्टेंड' निवडलं तर पडदा हा लॅपटॉपच्या शेजारचा वेगळा मुलूख होतो, आणि माउसचा बाण उजव्या कडेवरून जो निसटतो तो थेट पडद्यावर उगवतो. आपण लॅपटॉपवर त्याला शोधतोय आणि ३८ जण मार्गदर्शन करताहेत, 'वर, वर, डावीकडे, अहो बाई, तुमच्या डावीकडे!' डुप्लिकेटमध्ये हा त्रास नाही, पण घरून आलेला 'गॅस बंद केला होतास का?' हा निरोपही मोठ्या अक्षरांत सर्वांसमोर झळकतो. म्हणून वायर जोडायच्या आधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करायचं. आधी. निरोप पडद्यावर आल्यानंतर ते चालू करण्यात काही राम नाही, वर्ग तो पाठ करून मोकळा झालेला असतो.

इंटरनेटचं गणित तिसरीतलं आहे, तरी दर वेळी चुकतं. बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओला सेकंदाला साधारण अडीच मेगाबिट लागतात. ३८ मुलांनी आपापल्या टॅबवर तो एकदम सुरू केला की झाले ९५. जोडणीवर १०० लिहिलेलं असेलही, पण एकाच वायफायच्या डबीवर इतकी उपकरणं लोंबकळली की ती एकमेकांची वाट अडवतात आणि हातात निम्मंही पडत नाही. त्यात २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल, म्हणजे डब्यांना बोलायच्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दोन वर्गांच्या डब्याही त्यातल्याच एकावर बोलत असतात. यावर तोडगा म्हणजे व्हिडिओ आधी उतरवून घ्यायचा आणि एकाच पडद्यावर दाखवायचा. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, आहेत, तीही आधी उतरवून ठेवली तर इंटरनेटशिवाय चालतात. त्यातल्या विद्युत मंडलाच्या खेळात बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की बॅटरी पेट घेते. उत्तम शैक्षणिक साधन. फक्त त्यानंतर ओहमच्या नियमात कुणालाही रस उरत नाही.

आता लिंक. गूगल फॉर्म तयार करायचा आणि वर पत्त्याच्या पट्टीत दिसते ती लिंक उचलून मुलांना पाठवायची, ही चूक प्रत्येक शिक्षक एकदा तरी करतोच. ती लिंक प्रश्नपत्रिका बनवणाऱ्याची असते. मुलांना ती उघडत नाही, 'परवानगी मागा' असं बटण दिसतं आणि मुलं ते इमानेइतबारे दाबतात. शंकासमाधानासाठी कधी हात वर न करणारा वर्ग परवानगीचे ३८ ईमेल पाठवतो. फॉर्म 'पब्लिश' केला की उत्तर देणाऱ्यांसाठी वेगळी लिंक मिळते, तीच द्यायची. फळ्यावर लिहिणार असाल तर आधी छोटी करून घ्या आणि तिच्यात शून्य आणि ओ, एक आणि एल यांची सरमिसळ नाही ना, ते बघा.

याच्या उलट चूक गूगल डॉक्समध्ये होते. तिथे आपण दिलदारपणे सगळ्यांना 'एडिटर' करतो. लॉगिन न केलेली मुलं वर अनामिक प्राण्यांच्या चित्रांनी हजेरी लावतात. कुणी कंट्रोल-ए मारून डिलीट दाबलं की अख्खी कृतिपत्रिका गुप्त! आपण घामाघूम होऊन कंट्रोल-झेड दाबत राहतो. व्यर्थ! कारण ते बटण ज्याने त्याने स्वतः केलेलंच उलटवतं, दुसऱ्याचं पाप धूत नाही. फाइल मेनूतल्या 'व्हर्जन हिस्टरी'त जाऊन मागची आवृत्ती परत आणायची. आणि पुढच्या वेळी लिंकच्या शेवटी असलेल्या 'एडिट'पासून पुढचं खोडून तिथे 'कॉपी' हा शब्द इंग्रजीत लिहायचा. मग लॉगिन केलेल्या प्रत्येकाला आपापली प्रत मिळते. ज्याला उधळायची आहे त्याने स्वतःची उधळावी.

फॉर्मने आपोआप पेपर तपासणं ही तर खास मराठी माध्यमाची करमणूक. उत्तरसूचीत ५ मराठी आकड्यात आहे आणि मुलाने टॅबवर इंग्रजी आकडा टाइप केला, की शून्य गुण. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे आकडे आहेत. आकड्यांचं निदान दिसतं तरी. 'परागीभवन कशामुळे?' याचं उत्तर 'वाऱ्यामुळे'. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ, आत वेगवेगळे संकेतांक. एक बरोबर, एक चूक. मुलगा दोन्ही स्क्रीन शेजारी धरून विचारतो, 'माझं काय चुकलं?' आणि अशा वेळी युनिकोड समजावत बसलं तर परागीभवन राहून जातं. लघुत्तराच्या सूचीत एकाहून जास्त बरोबर उत्तरं देता येतात, दोन्ही रूपं घालून ठेवावीत. त्याहून बरं म्हणजे असा प्रश्न बहुपर्यायी करून टाकावा.

'कहूट' या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळात मात्र वर्ग जिवंत होतो, जरा जास्तच. नेहमीच्या पद्धतीत अचूक उत्तराला कमाल १००० गुण, ते वेळेनुसार घटत घटत शेवटच्या क्षणी ५०० च्या आसपास येतात. २० सेकंदांचा प्रश्न असेल तर ५ सेकंद विचार करण्याचा दंड १२५ गुण. म्हणजे विचार करणं महाग! मग मुलं प्रश्न न वाचताच लाल त्रिकोण बडवतात. वेळ ६० सेकंद केली की त्याच ५ सेकंदांचा दंड ४२ वर उतरतो आणि काही जण प्रश्न वाचायला लागतात. टोपणनावं मुलांना निवडू देऊ नयेत. का, ते पहिल्या मिनिटात कळतं.

माझी पसंती विचाराल तर प्लिकर्स. मुलांच्या हातात कसलंही यंत्र नाही, फक्त काळ्या ठोकळ्यांची नक्षी असलेलं एक कार्ड. ए, बी, सी, डी यांपैकी उत्तराची बाजू वर धरायची, आणि शिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. बॅटरी संपायची भीती एकाच फोनची. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवला की घोळ होत नाही. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका, दिव्याची तिरीप पडून कॅमेरा आंधळा होतो. आणि एखाद्याचं उत्तर टिपलंच जात नसेल तर त्याचा अंगठा नक्षीवर आलाय का बघा, आलेलाच असतो.

अशा मतदानाचं काय करायचं, हे हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वर्गात करून दाखवलं. साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं तर उत्तर सांगायचं नाही. शेजाऱ्याला पटवा म्हणायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून जास्त आलं तर पुढे सरकायचं, ३० च्या खाली आलं तर पुन्हा शिकवायचं.

समजा, विचारलं की झाडाचं वजन वाढतं ते मुख्यतः कशातून? ३८ पैकी २९ कार्डं ठामपणे म्हणतात, मातीतून. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची बाजू घेणारे ९, म्हणजे २४ टक्के. पुन्हा शिकवणं आलं. त्यासाठी चित्र हवं. चित्र पडद्यावर, पडदा वायरीवर, वायर डबीवर, डबी ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली अजून रजेवर.