लिस्बनमधली शीतकढी

पावसाळा सुरू झाला की आमच्या ओळखीत कुणी ना कुणी परदेशी निघालेलं असतं. कुणी पोर्तुगालला, कुणी इंग्लंड-आयर्लंडला. पूर्वी एकटा मुलगा जायचा, आता कडेवरच्या लेकरासकट जोडपी जातात. मग मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वहिनी, बॅगेत काय काय भरू? बाळ तिथे जेवणार काय?"

आमचा लेक लिस्बनमध्येच जन्मला आणि शीतकढी, म्हणजे आपला भात आणि माशाची कढी, जेवायलाही तिथेच शिकला. आता आम्ही गोव्यात, फोंड्याला परत आलो आहोत. त्यामुळे या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे, आणि फोनवर तुटक सांगण्यापेक्षा ते इथे सविस्तर लिहिते. बॅगेत थोडंच भरा. निघायला जे दोन-तीन महिने हातात आहेत त्यांत आईजवळ, सासूजवळ बसून वाटण घालायला शिका, अख्खा बांगडा साफ करायला शिका, डोळ्यांच्या अंदाजाने आंबट-तिखट जुळवायला शिका. आणि हे दोघांनीही शिका.

लिस्बनमध्ये आपल्याकडची काही घरं मी जवळून पाहिली. गोव्याहून कुणी आलं की फ्रीझर गच्च भरायचा. आईने करून दिलेला मसाला, वाटून गोठवलेलं खोबरं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, चटण्या. तो साठा असेपर्यंत घरात आपलं जेवण. साठा संपला की लेकराच्या ताटात रोज चीज घातलेला पास्ता, आणि "इथे आपलं काही मिळतच नाही हो" हे पालुपद. बाजार मात्र घरापासून चार पावलांवर, मासळीने आणि भाजीने भरलेला. मला त्या आयांचा राग येत नाही. नोकरी, क्रेशची म्हणजे पाळणाघराची वेळ, घरात मदतीला कुणी नाही, रात्री धड झोप नाही. राग येतो तो त्यांना इथून बॅगा भरून देणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या समजुतीचा. घरचं जेवण म्हणजे घरून गेलेलं जेवण, असं आपण त्यांच्या मनावर बिंबवून पाठवलेलं असतं.

गोव्याचं स्वयंपाकघर तरी बारा महिने एकसारखं कुठे असतं? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्या दिवसांत आपण उपाशी बसत नाही. उन्हाळ्यात केलेलं पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, बाहेर निघतं, सुक्या बांगड्याची किसमूर होते, मिठातले आंबे, फणसाच्या बिया, कुळीथ यांवर घर चालतं. खतखतं म्हणजे आपली मिश्र भाजी; भाद्रपदातलं खतखतं आणि माघातलं खतखतं यांतल्या भाज्या एक नसतात, तरी दोन्ही खतखतंच. आणखी मागे जा. मिरची, बटाटा, अननस, पपई, काजू हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आलेलं. सोळाव्या शतकाआधी आपल्या पूर्वजांच्या कढीत मिरची नव्हतीच, तिखटाला मिरी होती. परका जिन्नस आला, तो आपल्या वाटणात गेला आणि आपला झाला. आज काणकोणच्या खोला मिरचीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, इतकी ती आपली. हे आपल्या आज्या-पणज्यांनी केलं. मग लिस्बनमधल्या सुनेने पोर्तुगालच्या भाजीवर तेच केलं तर त्यात कमीपणा कसला?

आता प्रत्यक्ष सांगते. तिथे कवाला नावाचा मासा मिळतो. बांगड्याच्याच कुळातला, जात वेगळी, अंगाने थोडा अधिक तेलकट, आणि बाजारातल्या स्वस्त मासळीपैकी एक. कोळीण तो तिथल्या तिथे साफ करून देते, पण मी नेहमी अख्खा मागायची, कारण डोक्याशिवाय कढीला चव येत नाही. ताजा नारळ सुपरमार्केटात असतो. नसला तर लिस्बनमधल्या मार्तिम मोनीझ भागातल्या आपल्याकडच्या जिन्नसांच्या दुकानांत किसून गोठवलेलं खोबरं मिळतं. तेही नसलं तर तिथल्या बेकरीवाल्यांचा सुका कीस गरम पाण्यात भिजवून घ्यायचा. खोबरं, धणे, हळद, कांद्याची फोड आणि चिंच एवढंच आधी मिक्सरला लावायचं. मिरची नाही. हे वाटण गंधासारखं झालं की त्यातलं दोन डाव छोट्या भांड्यात काढायचं, पातळ करायचं, त्यात पाठीकडचा एक तुकडा सोडायचा. ते लेकराचं हुमण, म्हणजे माशाची कढी. मग त्याच मिक्सरच्या भांड्यात भिजवलेल्या मिरच्या घालून उरलेलं वाटण पुन्हा फिरवायचं. ते आपलं. तिरफळं बिया काढून, किंचित ठेचून दोन्हींत घालायची. शेवटी सोलं म्हणजे आमसुलं, आणि गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल.

याला वेगळा वेळ लागत नाही. वाटण एक, भांडी दोन. लेकराला जेवताना तुकडा बोटांनी कुस्करायचा, काटा डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना लागतो. मऊ भातात कालवून छोटे घास. आमचा लेक वर्षाचा झाल्यावर असाच जेवायला लागला. पुढे त्याच्या वाटणात बी काढलेली अर्धी मिरची गेली, मग एक. तीन वर्षांचा झाला तेव्हा ते छोटं भांडं लागेनासं झालं. मुलासाठी निराळा स्वयंपाक आणि मोठ्यांसाठी निराळा, हे दोन चुलींचं खूळ पहिल्या वर्षानंतर ठेवूच नये असं माझं ठाम म्हणणं आहे. आईचा जीव त्यात मेटाकुटीला येतो, आणि मुलाला वाटू लागतं की आईबाबांच्या ताटातलं आपल्यासाठी नाहीच.

भाताचंही तसंच. तिथे कारोलीनो नावाचा जाडसर तांदूळ पिकतो, मोंदेगु, तेजू, सादु या नद्यांच्या खोऱ्यांत. युरोपात माणशी सर्वांत जास्त भात खाणारे लोक पोर्तुगालचे, हे इथे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्या तांदळाला आपल्या उकड्याची चव नाही, पण पेज छान होते. आजारी लेकराला आम्ही तीच दिली, वर मीठ आणि लिंबाचं लोणचं. चवळी तर तिथली रोजचीच. फेजांव फ्राद म्हणतात, आणि ट्यूना घालून तिची कोशिंबीर करतात. आपण तिचं तोंडाक, म्हणजे वाटणाचा रस्सा, करायचं, तिथल्या पावाबरोबर खायचं. आपल्या गोव्याच्या चवळीइतकी, म्हणजे अळसांद्यांइतकी, ती गोडसर नसते, तेवढाच फरक. कोव नावाची गडद हिरवी पालेभाजी बाजारात सुपासाठी केसासारखी बारीक चिरून मिळते. दमून घरी आलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. कांदा, मिरची, मूठभर खोबरं घालून ती परतली की तांबड्या भाजीची जागा घेते. नोव्हेंबरात चेस्टनट येतात, ते उकडून तोंडाकात टाकले तर फणसाच्या बियांची आठवण होते. कोथिंबिरीचं विचारूच नका. युरोपात एवढ्या आवडीने कोथिंबीर खाणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

आणि सोमवार! आपल्याकडे बऱ्याच घरांत सोमवारी शिवराक, म्हणजे मासे-मांसाशिवायचं जेवण. तिथे रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी मासळीबाजारात सामसूम. लेकाला हे वेगळं शिकवावं लागलंच नाही. सोमवारी आजीकडेही मासा नसतो आणि खाली बाजारातही नसतो, एवढं त्याला कळत होतं.

क्रेशच्या जेवणाला इथले लोक फार घाबरतात. "तिथलं खायला लागला की आपलं खाणार नाही." असं होत नाही. तिथे दुपारी आधी भाज्यांचं घोटलेलं सूप, मग मासा किंवा मांस भाताबरोबर नाहीतर बटाट्याबरोबर, शेवटी फळ. भोपळा, गाजर, सलगम, पालक सगळं त्या सुपातून पोटात जातं. आपल्या घरी इतक्या भाज्या एका दुपारी कुठे होतात? गोमांस नको हे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून दिलं, त्या दिवशी त्याला अंडं किंवा मासा मिळायचा. शाकाहारी घरांनी हेही लक्षात ठेवा की 2017 च्या कायद्याने तिथल्या सार्वजनिक उपाहारगृहांत शाकाहारी पर्याय ठेवणं बंधनकारक आहे, सरकारी शाळांतसुद्धा. संकोच न करता मागा. मूल दुपारी चमच्याने सूप जेवेल आणि रात्री हाताने शीतकढी. दोन्ही जमतं. जमत नाही ते मोबाईल समोर धरून भरवलेलं. ते इथेही जमत नाही.

आता बॅगेबद्दल. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नको, पेढे नकोत, खव्याची कुठलीच वस्तू नको. सुकी मासळी चालते. डिसेंबर 2019 पासून ताजी फळं, भाज्या, पाला प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, त्यामुळे कढीपत्ता आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं घरीच ठेवा. सूट आहे ती केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरियन यांना. सुकं खोबरं मात्र विमानात चढवू देत नाहीत, त्यातल्या तेलाने ते पेटू शकतं म्हणून. तेव्हा न्यायचं काय? तिरफळं, सोलं, सुक्या मिरच्या, थोडं नाचणीचं पीठ. जमलं तर छोटी आदोळी म्हणजे खोबरं खवायची विळी, तीही सामानाच्या बॅगेत, हातातल्या नव्हे. बाकी धणे-हळद-मोहरी मार्तिम मोनीझला पोत्याने मिळते.

इथून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. "बाळ काय जेवलं?" हा प्रश्न फक्त सुनेला नका विचारू. तुमच्या मुलाला विचारा. आमच्याकडे शनिवार-रविवारचं वाटण नवऱ्याचं होतं, आणि ते तो जायच्या आधी माझ्या सासूबाईंकडून शिकला होता. त्यांनी त्याला पाट्यावर बसवलं होतं, मिक्सर नंतर दाखवला. बाई नसलेल्या घरात मुलगा उपाशी राहील म्हणून त्याला चार पदार्थ शिकवणं वेगळं, आणि उद्या तो बाप होणार म्हणून शिकवणं वेगळं. सासूबाईंनी दुसरं केलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या तापाच्या दिवसांतही लेकाला त्याच चवीचं हुमण मिळालं.

हे सगळं उलट दिशेनेही चालतं, हे परत आल्यावर कळलं. फोंड्याला आल्या आल्या लेक दुपारी ताटावर बसला आणि सूप मागू लागला. सासूबाईंनी कृती नीट विचारून घेतली. ऑलिव्हचं तेल घरात नव्हतं, कोव तर नव्हतीच. त्यांनी तांबडा भोपळा, बटाटा, कांदा उकडून घोटला, वर शेवग्याचा पाला बारीक चिरून टाकला आणि चमचाभर खोबरेल सोडलं. लेकाने चाखून सांगितलं, पाला जास्त हवा. दुसऱ्या दिवशी त्या परसातून दुप्पट पाला काढून आल्या. आता दर सोमवारी भाताआधी ते सूप असतं, घरातल्या सगळ्यांना. सासरे त्यात मिरीपूड घालून घेतात.