‘मुले संशयी होतील’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. खोट्या बातम्या ओळखता याव्यात म्हणून शाळेचे मासिक बातमीपत्र मुलांनीच काढावे, या माझ्या लेखावर आपण गोव्यातल्या डिचोलीहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: खोट्या बातम्या ओळखायला शिकवले की मुले घरात आजोबांनाही ‘पुरावा दाखवा’ म्हणू लागतात, सहावी-सातवीच्या मुलांना अभ्यास पुरे असताना हे ओझे कशाला, आणि मुलांनी शाळेच्या उणिवा छापल्या तर शाळेचे नाव खराब होऊन पट आणखी घसरेल. मराठी शाळांच्या पटाची काळजी मलाही आहे, म्हणून उत्तर जरा लांबले आहे.

पहिला आक्षेप मला निम्मा मान्य आहे, आणि चूक माझ्याच लेखात होती. दहा खोटे संदेश मुलांसमोर ठेवून ‘काय चुकले ते शोधा’ असा स्वाध्याय मी सुचवला होता. दहाच्या दहा खोटे असले की दुसऱ्या-तिसऱ्या संदेशापर्यंत मुलाला कळून चुकते की ‘खोटे’ म्हटले की उत्तर बरोबर येते. पडताळणी बाजूला राहते, नकार देण्याची सवय तेवढी लागते. दहांत सात खरे असावेत, दोन खोटे आणि एखादा खरा पण जुना. मुलाने प्रत्येकाखाली ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘अजून कळले नाही’ असे लिहायचे. तिसरे उत्तर दिले तर कोणाला विचारणार, हेही लिहायचे. खऱ्याला खरे म्हटल्याचे गुण खोटे पकडल्याइतकेच द्यायचे.

पडताळणी कुठेतरी संपली पाहिजे, हे शिकवले नाही तर आपण म्हणता तेच होईल. पावसाळ्यातला सुट्टीचा संदेश घ्या. रेड अलर्ट आला की शिक्षण संचालनालयाचे मागच्या वर्षीचे परिपत्रक पुन्हा फिरू शकते. ते बनावट नसते, म्हणूनच फसवते. सही खरी, शिक्का खरा, फक्त तारखेचा भाग कापलेला. मुलाने आधी तारीख आणि वार शोधायचे आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाशी जुळवायचे. वर्ष कापले गेले तरी मजकुरात ‘मंगळवार दिनांक अमुक’ राहून जाते, आणि तीच तारीख पुढच्या वर्षी त्याच वारी येत नाही. मग सुट्टी कोणत्या इयत्तांना आणि कोणत्या तालुक्यांना आहे ते वाचायचे. शेवटी मुख्याध्यापकांनी शाळेच्या ग्रुपवर स्वतः कळवले आहे का ते पाहायचे. कळवले असेल तर काम संपले, पुढे शंका काढत बसायचे नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुहेरी बाणाबद्दलही मुलांचा गैरसमज होतो. संदेश मूळ माणसापासून निदान पाच वेळा पुढे सरकला, एवढेच तो बाण सांगतो. २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मुले मात्र ‘बाण आहे म्हणजे खोटे’ असे पाठ करून टाकतात. खरी सूचनाही पाच हातांतून जाते, आणि खोट्याचा मजकूर कोणी नक्कल करून नव्याने चिकटवला तर बाण नाहीसाच होतो. आजोबांना विचारायचा प्रश्नही ‘पुरावा कुठे?’ असा नसावा. ‘आजोबा, हे तुमच्याकडे कुठून आले?’ एवढे पुरते. त्यातून मूळ शोधण्याचे काम दोघांचे होते.

आता बातमीपत्राकडे. मुले ओळखायला शिकतात ती स्वतः लिहिताना, म्हणून मी त्यावर इतका भर देतो. पावसाची बातमी यासाठी उत्तम. ‘काल वाळपईत १५० मिमी पाऊस’ असे छापून येते तेव्हा ‘काल’ म्हणजे नेमके कधी? हवामान खात्याचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. हे समजायला शाळेत पर्जन्यमापक करावा. दोन लिटरची सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, निमुळता भाग कापून उलटा आत बसवा. बाटलीचा तळ खोलगट-उंच असतो, म्हणून आधी खडे आणि पाणी घालून सपाट पातळी करा आणि तिथे शून्याची खूण करून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज वाचन झाले की पाणी पुन्हा शून्यावर आणा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर बाटली ठेवा.

इथे दोन चुका हटकून होतात. कोणी बाहेरून मोठे फनेल आणून लावते. तोंड १० सेंमीचे आणि बाटली ५ सेंमीची असेल तर पट्टी चौपट पाऊस दाखवते. दुसरे म्हणजे रविवारी वाचन होत नाही आणि सोमवारचा आकडा ४८ तासांचा असूनही एका दिवसाचा म्हणून छापला जातो. ‘पटांगणावर १३० मिमी, अतिमुसळधार!’ असा मथळा मग तयार. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिमीपासून मुसळधार आणि ११५.६ मिमीपासून अतिमुसळधार धरते. १३० हा दोन दिवसांचा आकडा असेल तर मथळा चुकला. किती वेळात आणि कुठे, हे नसलेला आकडा छापायचा नाही, हा नियम मुलाला पाठ करून घ्यावा लागत नाही. बाटलीतले पाणी त्याने स्वतः मोजलेले असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे दुसरीकडच्या पुस्तकांत कोणी लक्ष देणार नाही. गावात माणसे कोंकणीत बोलतात आणि मूल बातमी मराठीत लिहिते. ‘दोन दीस उदक येवंक ना’ असे शेजारीण सांगते. मूल मथळा करते, ‘दोन दिवस पाणी नाही’. वाचणाऱ्याला ती पुढच्या दोन दिवसांची सूचना वाटते आणि लोक भांडी भरून ठेवतात. म्हणून अवतरणचिन्हांत घालायचे ते शब्द जसे उच्चारले तसे कोंकणीतच ठेवावेत. मराठीत आणायचे असेल तर अवतरण काढून ‘दोन दिवसांपासून पाणी आले नसल्याचे त्यांनी सांगितले’ असे लिहावे. लिहिलेले वाक्य बोलणाऱ्याला वाचून दाखवायला दोन मिनिटे लागतात. ती वाचवू नयेत.

ओझ्याबद्दल. महिन्याला एक अंक, ए-फोर कागदाच्या दोन बाजू, साठ-सत्तर शब्दांच्या सहा बातम्या. मराठीच्या चार तासिका पुरतात: पहिलीत विषय वाटणे, दुसरीत मिळवलेली माहिती लिहिणे, तिसरीत पडताळणी, चौथीत सुवाच्य प्रत. झेरॉक्स काढून एक प्रत फलकावर लावावी. प्रत्येक बातमीला एक चिठ्ठी जोडलेली हवी: कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, दुसरे कोण सांगते, कागद कोणता पाहिला. चिठ्ठी ज्याने भरली त्याने ती बातमी लिहिलेली नसावी. मुलांच्या हातात फोन लागत नाही. छायाचित्रांसाठी शिक्षकांचा एक फोन पुरे. तिसरी-चौथीच्या मुलांना फक्त सूचना आणि पावसाचा आकडा द्यावा.

बदनामीचा मुद्दा मी हलका मानत नाही. ‘शाळेत घाण पाणी’ असा मथळा अन्याय करतो, कारण ते मत आहे. ‘टाकी शेवटची कधी धुतली याची नोंद फलकावर नाही, मुख्याध्यापिकांच्या सांगण्यानुसार ती या शनिवारी धुतली जाईल’ ही बातमी आहे. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला छापण्याआधी विचारायचे आणि त्याचे उत्तर त्याच बातमीत घालायचे. माध्यान्ह आहारातल्या भाजी-पावाची तक्रार असेल तर तो पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनाही विचारायचे. मुख्याध्यापकांना एखादी बातमी थांबवायची असेल तर त्यांनी कारण मुलांना सांगावे. न सांगता कापलेली बातमी त्याच दिवशी ग्रुपवर जाते, आणि तिथे ना चिठ्ठी असते ना उत्तर. चुकले तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर ठरलेल्या चौकटीत ‘दुरुस्ती’ छापायची: काय छापले होते, खरे काय.

मुलांच्या ओळखीबाबत मात्र मी आपल्याहून कडक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठराखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या डिजिटल माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून फलकावरच्या कागदासाठी एक आणि ग्रुप वा संकेतस्थळासाठी वेगळी, अशा दोन सह्या घ्या. छायाचित्राखाली पूर्ण नाव नको, गुण नकोत, कोणाची फी राहिली ते तर नकोच. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असे काहीही छापायला पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याची मनाई आहे. असा विषय कानावर आला तर तो बातमीपत्राचा नाही, मोठ्यांनी ताबडतोब हाती घ्यायचा आहे.

एआयने बनवलेली चित्रे मुले कशी ओळखणार, असे आपण शेवटी विचारले आहे. चित्रातल्या माणसांची बोटे मोजायला शिकवू नका, ती खूण आता भरवशाची राहिलेली नाही. चित्र प्रथम कोणी आणि कधी टाकले, हा प्रश्न टिकतो. गूगल लेन्समध्ये टाकून जुनी प्रत सापडते का ते शिक्षकांनी मुलांसमोर करून दाखवावे. काहीच सापडले नाही तर चित्र खरे ठरत नाही; तिथे ‘अजून कळले नाही’ हेच उत्तर.

मूळ लेखातला दहा खोट्या संदेशांचा स्वाध्याय मी आज बदलला आहे. जुना मजकूर खोडलेल्या अवस्थेत तसाच ठेवला असून, वर ‘दुरुस्ती’ या मथळ्याखाली आजची तारीख आणि आपल्या आक्षेपाचा उल्लेख आहे.